बॉल दाबून बोटं उघडत नाहीत: सार्कोमाच्या ऑपरेशननंतर हात कामाला कसा लावायचा

ताई, तुमचा प्रश्न आधी थोडक्यात परत लिहिते, म्हणजे बाकीच्यांनाही कळेल. वडील ५६ वर्षांचे, दांडिया बाजारात राहता, उजव्या कोपराच्या खाली हाताच्या मागच्या बाजूला गाठ होती, सॉफ्ट टिश्यू सार्कोमा, म्हणजे स्नायू-चरबीसारख्या मऊ भागातला कॅन्सर, निघाला. पाच महिन्यांपूर्वी ऑपरेशन, मग ३३ सिटिंग रेडिएशन, ते संपून दीड महिना झाला. मार्जिन क्लिअर, म्हणजे काढलेल्या भागाच्या कडेला कॅन्सर नाही. आता मनगट वर उचललं जातं पण अंगठ्याच्या बाजूला तिरकं जातं, बोटं उघडत नाहीत, अंगठा बाहेर येत नाही. घरी स्माइलीचा बॉल दाबणं चालू आहे, आई रोज तेल लावून मालिश करतायत. आणि तुम्ही विचारलंय की अजून किती थांबायचं, हात परत येईल का, आणि काका, म्हणजे तुमचे वडील, ॲक्टिव्हा चालवू शकतील का.

मी ऑक्युपेशनल थेरपिस्ट, बडोद्यातच हँड थेरपीचं काम करते, बरीच वर्षं झाली. अपघाताचे हात जास्त येतात, पण कॅन्सर सर्जनकडून येणारे असे हातही नेहमी असतात, आणि त्यातले अर्धेअधिक लोक पहिल्या दिवशी खिशात तो पिवळा बॉल घेऊनच येतात. "बेन, रोज बॉल दबावुं छुं" असं कौतुकाने सांगतात. तर पहिलं काम, तो बॉल कपाटात ठेवा. काकांसाठी तो नुसता निरुपयोगी नाही, थोडा नुकसानीचाच आहे.

का ते सांगते. हाताच्या पुढच्या, म्हणजे तळहाताकडच्या, बाजूचे स्नायू मूठ बंद करतात, मागच्या बाजूचे ती उघडतात. काकांचे मागचे गेले, पुढचे सगळे शाबूत आहेत. म्हणजे रस्सीखेचीत एका बाजूची माणसं निघून गेलीयेत आणि आपण दुसऱ्या बाजूला रोज खुराक घालतोय. बोटं अजून आत ओढली जातात, काही महिन्यांनी ती तशीच आखडतात आणि मग दुसऱ्या हाताने उघडायला गेलं तरी उघडत नाहीत. मूठ कमजोर वाटते हे खरंय, पण ती मुठीच्या स्नायूंमुळे नाही. आत्ता बसल्या जागी करून बघा, मनगट पूर्ण खाली वाकवा आणि त्याच स्थितीत घट्ट मूठ आवळा. आवळली जात नाही ना? आता मनगट थोडं वर उचलून तीच मूठ आवळा. पकडीची ताकद मनगट कुठल्या कोनात धरलंय त्यावर असते. काकांचं मनगट उचलतं पण तिरकं, म्हणून पकड निसटते, बॉल दाबून तो तिरकेपणा जाणार नाही.

दुसरं म्हणजे कागद. तुम्ही डिस्चार्ज समरीतलं एक वाक्य लिहिलंय की पोस्टिरियर इंटरऑसियस नर्व्ह सॅक्रिफाइस केली, म्हणजे ही नस गाठीबरोबर काढून टाकली. ते सगळ्यात महत्त्वाचं वाक्य आहे आणि घरी बहुतेक कोणी ते समजावून सांगितलेलं नसतं. पण समरीवर थांबू नका, हॉस्पिटलमधून पूर्ण ऑपरेशन नोट मागून घ्या, त्यात कुठला स्नायू पूर्ण काढला, कुठला अर्धा, नस किती लांब काढली, काही टेंडन (स्नायूला हाडाशी जोडणाऱ्या दोऱ्या) जोडले का, त्वचा कशी झाकली हे सगळं असतं. माझ्याकडे कोणी आलं तर मी आधी ती नोट वाचते आणि मग हात हातात घेते. त्या माहितीशिवाय दिलेले एक्सरसाइज म्हणजे अंदाज.

ही नस म्हणजे दंडातून हाताच्या मागच्या बाजूला येणाऱ्या रेडियल नर्व्हची खोल फांदी. मनगट अंगठ्याच्या बाजूने उचलणाऱ्या एका मोठ्या स्नायूला मूळ नसेतूनच, ही फांदी फुटायच्या आधी कोपराच्या वर पुरवठा मिळतो, म्हणून तो काकांचा वाचलाय. करंगळीच्या बाजूने उचलणारा गेला. म्हणून मनगट उठतं पण तिरकं. बोटं मुळापासून, म्हणजे मूठ आवळल्यावर वर येणाऱ्या सांध्यांपासून उघडत नाहीत, पण मधले आणि टोकाचे सांधे सरळ होतात, कारण ते काम तळहातातले बारीक स्नायूही करतात आणि त्यांची नस वेगळी, मुख्यतः अलनर. घरचे इथे फार फसतात. कोणीतरी बोटाचं मूळ धरतं, टोक सरळ होताना दिसतं आणि सगळे म्हणतात आलं, आलं, बोट सरळ व्हायला लागलं! ते पहिल्या दिवसापासून होतच असतं. बघायचं ते मुळाच्या सांध्याकडे.

आता किती थांबायचं. "नस हळूहळू येईल, धीर धरा" हे वाक्य ज्यांची नस दबली, ओढली गेली किंवा कापून परत जोडली त्यांच्यासाठी ठीक आहे. नस वाढते दिवसाला साधारण एक मिलिमीटर, महिन्याला इंचभर म्हणा. त्यामुळे ज्यांना दंडात नसेचा तुकडा बसवलाय, तो बहुतेक पोटरीच्या मागच्या सूरल नसेतून घेतात म्हणून पायाच्या बाहेरच्या कडेला बधिरपणा राहतो, त्यांनी जोडल्या जागेपासून स्नायूपर्यंतचं अंतर मोजावं म्हणजे कधी अपेक्षा करायची ते कळतं, आणि नसेशिवाय बसलेला स्नायू साधारण १२ ते १८ महिन्यांत कामातून जातो, तेवढ्यात पोचणार नसेल तर दुसरा मार्ग आधीच ठरवावा. काकांच्या बाबतीत मात्र नस नुसती कापली नाही, काढली, आणि ज्या स्नायूंना ती जाते त्यातलेही बरेच गाठीबरोबर गेले. वाढून जायला रस्ता नाही आणि पोचायला घरही नाही. म्हणून स्पष्ट लिहिते, बोटं उघडणं आपोआप परत येणार नाही. हे वाचून वाईट वाटेल, पण या आशेवर वर्ष घालवणारे लोक बघितलेत आणि त्या वर्षात सांधे आखडतात.

याचा अर्थ हात गेला असा अजिबात नाही. इथे टेंडन ट्रान्सफर नावाचं ऑपरेशन असतं, आणि खरं तर तुमच्या प्रश्नाचं मुख्य उत्तर हेच आहे. पुढच्या बाजूला स्नायू शाबूत आहेत, आणि तिथे मनगट वाकवायला एकापेक्षा जास्त आहेत. त्यातला एक, फ्लेक्सर कार्पी रेडियालिस, त्याच्या जागेवरून सोडवून मागे फिरवायचा आणि बोटं उघडणाऱ्या टेंडनना जोडायचा. पामारिस लॉन्गस नावाचा एक बारीक टेंडन अंगठ्याला देतात, काहींच्या हातात तो जन्मतःच नसतो, मग दुसरा शोधतात. अंगठा आणि करंगळी टोकाला टोक लावून मनगट जरा वाकवा, मध्ये दोरीसारखा उभा राहतो तो पामारिस. काकांना करायला सांगा, दोन्ही हातांना.

कुठला स्नायू कुठे वापरायचा याला हिशोब आहे. मनगटाचे टेंडन साधारण ३३ मिलिमीटर सरकतात, बोटं उघडणारे ५०, बोटं मिटणारे ७०. म्हणजे मनगटाचा स्नायू बोटांना जोडला तर सरकणं थोडं कमीच पडणार, ती कसर मनगट वाकवून भरून काढता येते, म्हणून ट्रान्सफरनंतर मनगट आणि बोटं दोन्ही एकदम पूर्ण सरळ अशी अपेक्षा धरू नये. शिवाय जागा बदलली की स्नायूची ताकद साधारण एक ग्रेड, म्हणजे ताकद मोजायच्या पट्टीवर एक पायरी, उतरते, म्हणून आधी तो भरपूर ताकदवान पाहिजे. आणि सांधे मोकळे पाहिजेत. आखडलेल्या सांध्याला जगातला कुठलाही टेंडन उघडू शकत नाही. तुमच्या घरचं आत्ताचं काम त्यामुळे एकच, सांधे मोकळे ठेवणं आणि पुढचे स्नायू तयार ठेवणं.

लोकांना वाटतं हे काहीतरी नवीन, प्रयोगासारखं आहे. अहो, वेल्लोरला पॉल ब्रँड यांनी १९४० च्या दशकाच्या शेवटी कुष्ठरोग्यांच्या हातांवर टेंडन ट्रान्सफर सुरू केले, भारतात हे काम तेव्हापासून चालू आहे. फक्त रेडिएशन झालेल्या हातात टेंडन कुठून फिरवायचा हे सर्जनला जास्त विचार करून ठरवावं लागतं, शक्यतो कडक झालेल्या भागाला वळसा घालून. काही सर्जन हे गाठ काढतानाच करतात, काही नंतर. काकांचं तेव्हा झालं नाही, तर आता त्वचा शांत होऊन स्कार (ऑपरेशनचा व्रण) मऊ पडेपर्यंत काही महिने थांबावं लागेल. ते थांबणं वेगळं, नस येईल म्हणून थांबणं वेगळं. कॅन्सर सर्जनना पुढच्या फॉलोअपला सरळ विचारा की ट्रान्सफरसाठी हँड सर्जन किंवा प्लास्टिक सर्जनकडे कधी पाठवाल.

आता रेडिएशन. ३३ सिटिंग म्हणजे बहुधा ६६ ग्रे (ग्रे हे रेडिएशन मोजायचं एकक), ऑपरेशननंतर द्यायचा नेहमीचा डोस. कॅनडात १९० पेशंटवर एक मोठी ट्रायल झाली होती, २००२ मध्ये छापली, रेडिएशन आधी द्यावं की नंतर यावर. आधी दिलं, डोस ५० ग्रे, तर जखमेच्या तक्रारी ३५ टक्क्यांना, नंतर दिलं तर १७ टक्क्यांना. पण पुढे दोन वर्षांनी बघितलं तर नंतरवाल्यांमध्ये आतला कडकपणा जास्त. म्हणजे काकांची जखम छान भरली हा त्याचा फायदा, आणि कडकपणा वाढत जायची शक्यता हा तोटा. तो रेडिएशन संपल्यावर थांबत नाही, महिनोन्‌महिने वाढत राहतो. म्हणून "आता तर सगळं नीट हलतंय, कशाला एक्सरसाइज" असं म्हणून सोडू नका, दोन वर्षं तरी हा रोजचा नेम समजा, दात घासण्याइतका.

काय करायचं: टेबलावर हात ठेवून डाव्या हाताने उजवी बोटं मुळापासून सरळ करायची, मनगट थोडं वर, ताण जाणवेल तिथे थांबून अर्धा मिनिट धरायचं, झटके द्यायचे नाहीत. कडक टिश्यूला जोर नाही, वेळ लागतो. मग उलट, पूर्ण मूठ मिटवायची, कारण मागचा स्कार चिकटला की मूठ मिटतानाही ओढ बसते. अंगठा आणि पहिल्या बोटामधली जागा फार लवकर आखडते, तिथे पाण्याचा ग्लास बसेल इतकी उघडी राहिली पाहिजे, ग्लास घालूनच बघा. प्रत्येक गोष्ट आठ-दहा वेळा, दिवसातून चार-पाच वेळा थोडं थोडं, एकदम तासभर बसून नाही. कोपर आणि खांदा विसरू नका, हात छातीशी धरून बसायची सवय लागली की खांदा जाम होतो आणि मग दोन दुखणी.

आणि एक हालचाल जी कोणी करतच नाही, तळहात वर फिरवणं. देवळात तीर्थ घ्यायला हात पुढे करतो ना, तशी. कोपर अंगाला चिकटवून काटकोनात वाकवा आणि तळहात आकाशाकडे करा. त्याचा एक स्नायू काकांचा गेलाय पण दंडाचा बायसेप्स तेच काम जोरात करतो, त्यामुळे ताकद असते, अडतं ते दोन हाडांमधला पडदा आणि स्कार कडक झाल्यामुळे. ही हालचाल गेली की सुट्टे पैसे हातावर घेता येत नाहीत, तोंड धुता येत नाही, तीर्थ सांडतं. एका आजोबांना मी विचारलं होतं सगळ्यात जास्त त्रास कशाचा, मला वाटलं सही म्हणतील, तर म्हणाले पळीतलं तीर्थ मनगटावरून कोपरापर्यंत ओघळतं आणि गुरुजी बघत राहतात. मग आम्ही रोजचा सराव चमचाभर पाण्यानेच केला.

मालिश. आपल्या बडोद्याला आखाड्यांची परंपरा मोठी, जुम्मादादा व्यायाम मंदिर तुमच्या घराजवळच, त्यामुळे हात दुखला की तेल आणि चोळणं हे इथल्या रक्तातच आहे. पण रेडिएशन घेतलेल्या त्वचेवर जोरात चोळायचं नाही. आईंना सांगा, जखम पूर्ण भरलेली असेल, खपली नसेल, तर साधं बिनवासाचं मॉइश्चरायझर लावून दोन बोटांनी स्कार त्याच्या जागेवरच वर-खाली, डावी-उजवीकडे हळू सरकवायचा, त्वचेवर बोट घसरवायचं नाही तर त्वचा खालच्या थरावर हलवायची. पाच मिनिटं पुरे. गरम पाण्याची पिशवी, मेणाचा शेक नको, त्या भागाला चटका पटकन कळत नाही. कोपऱ्यावरच्या क्लिनिकमध्ये सरसकट सगळ्यांना दुखण्यावर उपचार म्हणून अल्ट्रासाउंडची मशीन फिरवतात (तपासणीची सोनोग्राफी वेगळी), तीही नको, जिथे कॅन्सरची गाठ होती तिथे ती चालत नाही. आधीच सांगायचं इथे सार्कोमाचं ऑपरेशन झालंय, म्हणजे पुढचा वाद वाचतो.

स्प्लिंटचं, म्हणजे हाताला आधार देणाऱ्या पट्टीचं, तुम्ही काही लिहिलं नाही म्हणजे बहुतेक दिलेला नाही. मिळवा. दिवसा कामासाठी डायनॅमिक, ज्यात बोटांच्या मुळाखाली छोट्या पट्ट्या असतात आणि वरून रबर किंवा तार त्यांना उचलून धरते, काकांनी मूठ मिटायची, सोडली की स्प्लिंट बोटं उघडतो. दिसायला जरा यंत्रासारखा दिसतो म्हणून लोक घालायला लाजतात, पण तो घालून त्याच दिवशी ग्लास पकडून सोडता येतो, आणि ट्रान्सफर झाल्यावर हात कसा वागेल याची चवही मिळते. रात्रीसाठी साधा, मनगट थोडं वर धरणारा, किती अंशात ते हात बघूनच ठरतं. प्लास्टिक गरम पाण्यात मऊ करून बनवतात, म्हणून मे महिन्यात बंद गाडीत डॅशबोर्डवर ठेवू नका, संध्याकाळी त्याचा पापड झालेला असतो. खर्चाचं बघायचं असेल तर सयाजी हॉस्पिटलच्या फिजिओथेरपी विभागात आधी चौकशी करा. सूज येत असेल तर बाजारातून कुठलाही घट्ट स्लीव्ह उचलून आणू नका, नुसता मनगटापर्यंतचा घातला तर सगळी सूज पंजात उतरते, माप घेऊन घ्या.

ट्रान्सफर झालं की साधारण तीन-चार आठवडे हात स्प्लिंटमध्ये, मग शिकवणं सुरू. हा भाग मला स्वतःला सगळ्यात आवडतो. ज्या स्नायूने आयुष्यभर मनगट वाकवलं त्याला आता बोटं उघडायचीयेत. पेशंटला "बोटं उघडा" म्हटलं की चेहरा लाल होतो पण काही होत नाही, "मनगट वाकवा" म्हटलं की बोटं टपकन उघडतात आणि तो स्वतःच दचकतो. आपण नेहमीही बोटं उघडताना मनगट थोडं वाकवतोच, दोन्ही हालचाली एकमेकींच्या जोडीदार आहेत, म्हणून हा स्नायू पटकन शिकतो. काही दिवसांनी मनगटाचा विचार करायची गरज राहत नाही. ताकदीचं काम दोन महिन्यांनंतर, जड उचलणं तीन महिन्यांच्या आधी नाही, आणि गाठ हाडाला लागून असेल तर जड उचलायच्या आधी सर्जनना विचारायचंच, रेडिएशन घेतलेलं हाड ठिसूळ होऊ शकतं.

जेवणाबद्दल तुम्ही लिहिलंय की काका डाव्या हाताने जेवायला तयार नाहीत आणि चौघांत बसायचं टाळतात. मी कोणालाही डाव्या हाताची सक्ती करत नाही. घास घेताना बोटं आधी उघडावी लागतात, अडचण तिथे आहे, मिटताना नाही. डायनॅमिक स्प्लिंट घालून आधी चमचा, जाड मुठीचा, मग पोळीचा तुकडा डाव्याने तोडून उजव्याने उचलणं, मग घट्टसर खिचडी, वरणभात सगळ्यात शेवटी. असे हात मोजायची एक पद्धत आहे, एमएसटीएस म्हणतात, सहा गोष्टींना प्रत्येकी ५ असे ३० गुण: वेदना, कामकाज, हात हवा तिथे नेता येणं, बोटांची कसबी कामं, उचलणं, आणि सहावी माणसाने तो हात मनाने स्वीकारलाय का. सर्जन लोकांनी बनवलेल्या तक्त्यात हे आहे, म्हणजे काका पंक्ती टाळतायत हीसुद्धा डॉक्टरला सांगायची गोष्ट आहे. घरातलं म्हणून लपवू नका.

एक गोष्ट काकांना जमेल तेव्हा सांगा. पूर्वी अशा गाठीला सरळ हातच काढायचे. १९८२ मध्ये अमेरिकेच्या नॅशनल कॅन्सर इन्स्टिट्यूटची ४३ पेशंटची ट्रायल छापली, हात-पाय काढलेले आणि वाचवून रेडिएशन दिलेले, जगण्यात फरक निघाला नाही. आज बहुतेकांचा हात राहतो तो तिथपासून. ती नस सर्जनने निष्काळजीपणाने कापली नाही, गाठीला चिकटलेली होती म्हणून काढली आणि मार्जिन क्लिअर आलं ते त्यामुळेच. सर्जनवरचा राग मनात ठेवून पेशंट एक्सरसाइज करत नाहीत, हे मी बघते.

एक्सरसाइज करताना नवीन गाठ हाताला लागली, रात्रीचं दुखणं सुरू झालं, एकदम सूज, जखम उघडली, किंवा जी हालचाल येत होती ती गेली, तर माझ्यासारखीकडे नाही, आधी कॅन्सर सर्जनकडे. आणि छातीचा स्कॅन चुकवू नका, सार्कोमा परत आला तर बऱ्याचदा फुप्फुसात दिसतो.

राहिली ॲक्टिव्हा. आत्ता नाही, आणि "गल्लीतल्या गल्लीत" सुद्धा नाही. लोकांना वाटतं अडचण ब्रेकची आहे. ब्रेकचं तसं निभावतं, हल्लीच्या स्कूटरला कॉम्बी ब्रेक असतो, डावा लिव्हर दाबला की दोन्ही चाकांना लागतो. अडचण ॲक्सिलरेटरची आहे. काकांची मूठ मिटते पण उघडत नाही. रावपुऱ्यात समोर गाय आली, घाबरून मूठ आवळली, गाडी अजून पळणार आणि सोडायला बोटं उघडणार नाहीत. ट्रान्सफरनंतर, तीन महिने होऊन गेल्यावर, गाडी स्टँडवर, इंजिन बंद, ॲक्सिलरेटर पिळून झटकन सोडणं आणि बोटं उजव्या ब्रेक लिव्हरवर नेणं, न बघता, गप्पा मारता मारता जमायला लागलं की सर्जनना विचारून मोकळ्या मैदानात, पाठीमागे कोणी न बसवता. तोपर्यंत तुम्ही चालवा, काकांना मागे बसवा, स्प्लिंट घालूनच. उत्तरायणला फिरकी धरायला हरकत नाही, मांजा मात्र दुसऱ्या कोणाच्या हातात, त्या हाताच्या मागच्या बाजूला स्कारच्या आसपास कापलेलं पटकन कळणार नाही आणि रेडिएशनच्या जागी जखम भरायला फार वेळ लागतो.

ऑपरेशन नोट मिळाली की त्यातलं स्नायूंचं वर्णन इथेच टाका, आणि ग्लास बसतो का तेही.